तिसऱ्या घंटेला गैरहजर असलेलं फंक्शन

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनशेजारी एक जुना कॉम्प्युटर होता, विंडोज एक्सपीवर चालणारा. मशीनसोबत आलेलं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालायचं, म्हणून त्यात काही बदलायचं नाही, अपडेट करायचं नाही, असा तिथला दंडक. माझा एक छोटा प्रोग्रॅम त्याच कॉम्प्युटरवर बसून कोणता जॉब कधी लागला आणि किती वेळ चालला, याची नोंद ठेवत असे. एकदा त्याची नवी आवृत्ती घेऊन गेलो. जुनी काढली, नवी टाकली, डबल क्लिक केलं, तर समोर चौकट आली: 'गेट टिक काउंट ६४' नावाचा प्रोसीजर एंट्री पॉइंट 'कर्नल ३२' या डीएलएलमध्ये (विंडोजच्या लायब्ररीच्या फाइलमध्ये) सापडला नाही. 'ओके' दाबलं की चौकट जायची आणि तिच्याबरोबर प्रोग्रॅमही. सुपरवायझर शांतपणे म्हणाले, "साहेब, जुनं तरी उघडत होतं."

त्यांचं खरंच होतं. शेकडो फंक्शन्स, म्हणजे हाक मारली की एखादं ठरलेलं काम करून देणारे कोडचे तुकडे, वापरणारा तो प्रोग्रॅम एका फंक्शनपायी उघडतच नव्हता. आणि ते फंक्शन मी घातलं होतं ते त्यांच्याच भल्यासाठी.

विंडोजमध्ये 'गेट टिक काउंट' नावाचं एक जुनं, साधं फंक्शन आहे. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, ते सांगतं. आकडा ३२ बिटांचा, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ मिलिसेकंदांनंतर तो परत शून्यावर येतो. हिशेब केला तर हे ४९.७ दिवस होतात. घरच्या कॉम्प्युटरला याचा त्रास नाही, पण महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या यंत्राला आहे. विंडोज ९५ आणि ९८ याच मुदतीनंतर गोठून जाऊ शकत, हे मायक्रोसॉफ्टनेच नोंदवलेलं आहे. १४ सप्टेंबर २००४ ला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राची आवाजाची यंत्रणा बंद पडली आणि आकाशातल्या विमानांशी बोलणं तुटलं, त्याच्या मुळाशीही असाच संपत आलेला ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा मोजणीदार होता. वर्कशॉपचा कॉम्प्युटर दिवाळीच्या सुट्टीतच काय तो बंद व्हायचा. म्हणून मी त्याचं ६४ बिटांचं भावंड वापरलं, जे व्यवहारात कधीच शून्यावर येत नाही. पण हे भावंड जन्मलं विंडोज व्हिस्टामध्ये. एक्सपीला त्याचं नावही ठाऊक नाही.

मग प्रश्न असा, की एखादं फंक्शन सगळ्या कॉम्प्युटरवर असेलच असं नाही, पण असेल तिथे ते वापरायचंय आणि नसेल तिथे अडायचं नाही, हे साधायचं कसं? याचं उत्तर सिस्टिम प्रोग्रॅमिंगमध्ये फार जुनं आहे. ते समजायला आधी प्रोग्रॅम सुरू होताना काय घडतं ते पाहावं लागेल.

आपण प्रोग्रॅम लिहितो तेव्हा फाइल उघडणं, वेळ विचारणं, मेमरी मागणं ही कामं आपण स्वतः करत नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीत असतात आणि आपण फक्त त्यांना हाक मारतो. पण लायब्ररीतलं फंक्शन मेमरीत नेमकं कुठे असेल, हे प्रोग्रॅम तयार करताना माहीत नसतं. प्रत्येक कॉम्प्युटरवर, प्रत्येक आवृत्तीत ते वेगळं. म्हणून लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन, आपल्या एक्झी फाइलमध्ये एक यादी लिहून ठेवतो: या डीएलएलमधून ही नावं लागतील. हिला इम्पोर्ट टेबल म्हणतात. प्रोग्रॅम सुरू करताना लोडर, म्हणजे सिस्टिमचा प्रोग्रॅम मेमरीत आणणारा भाग, ही यादी वाचतो, एकेका नावाचा पत्ता शोधतो आणि यादीशेजारच्या रिकाम्या खान्यांत भरतो. आपला पहिला कोड चालायच्या आधी हे सगळं झालेलं असतं.

नाटकाच्या प्रयोगासारखं आहे हे. तिसऱ्या घंटेच्या आधी व्यवस्थापक विंगेत उभा राहून हजेरी घेतो. सगळे आले असतील तरच पडदा वर. एखादा नट फक्त तिसऱ्या अंकात एक वाक्य बोलायला येणार असेल, तरीही तो आला नसेल तर हा व्यवस्थापक प्रयोगच रद्द करतो. विंडोजचा लोडर अगदी असा आहे. ते फंक्शन प्रत्यक्षात हाकारलं जाणार आहे की नाही, कोणत्या मेन्यूत दडलेलं आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. यादीत नाव आहे आणि माणूस नाही, की प्रयोग रद्द.

लोडरचं हे वागणं मला चुकीचं वाटत नाही. अर्धवट हजेरीवर पडदा उघडून भर अंकात कोलमडण्यापेक्षा आधीच थांबलेलं बरं. चूक यादी लिहिणाऱ्याची असते. जो नट ऐच्छिक आहे त्याचं नाव सक्तीच्या यादीत घालायलाच नको होतं.

नाव यादीतून काढायचं, आणि फंक्शन हवं त्या क्षणी विंगेत डोकावून विचारायचं: आहे का हा इथे? विंडोजमध्ये या विचारण्याला 'गेट प्रॉक ॲड्रेस' म्हणतात. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: कोणती लायब्ररी, आणि फंक्शनचं नाव, साध्या अक्षरांच्या ओळीच्या रूपात. ते लायब्ररीच्या निर्यात यादीत नाव शोधतं. सापडलं तर त्याचा पत्ता परत देतं, नाही सापडलं तर शून्य. बस, इतकंच. पत्ता मिळाला तर तो फंक्शन पॉइंटरमध्ये (फंक्शनचा पत्ता ठेवायच्या खान्यात) ठेवून त्यातून हाक मारायची, शून्य मिळालं तर दुसरी वाट धरायची. 'कर्नल ३२' प्रत्येक विंडोज प्रोग्रॅममध्ये आधीच हजर असतं, त्यामुळे त्याला नव्याने लोड करावं लागत नाही. 'गेट मॉड्यूल हँडल'ने त्याचा दाखला मागितला की पुरतं.

इथे नवशिके एका ठिकाणी हमखास अडखळतात. त्यांना वाटतं, कोडमध्ये कंपायलरची (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाची) अट घातली की झालं: नवं विंडोज असेल तर हे, नाहीतर ते. पण ती अट प्रोग्रॅम बांधताना तपासली जाते, चालवताना नाही. ती माझ्या कॉम्प्युटरबद्दल बोलते, वर्कशॉपच्या कॉम्प्युटरबद्दल काहीच बोलत नाही. प्रोग्रॅम एकीकडे बांधला जातो आणि दुसरीकडे चालतो, ही या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि भल्याभल्यांकडून ती सुटते.

ॲपलच्या जगात २०१६ साली हे फार ठळकपणे दिसलं. 'क्लॉक गेटटाइम' हे वेळ विचारण्याचं युनिक्समधलं प्रचलित फंक्शन मॅकमध्ये पहिल्यांदा आलं ते १०.१२ आवृत्तीत, म्हणजे सिएरात. पण त्याच सुमाराचं एक्सकोड ८, म्हणजे ॲपलचं प्रोग्रॅम बांधायचं साधन, आधीच्या १०.११ वरही चालायचं, आणि त्याच्यासोबत येणारा, सिस्टिमच्या फंक्शन्सच्या याद्यांचा संच मात्र १०.१२ चा. बरेच ओपन सोर्स प्रकल्प बांधणीच्या आधी एक छोटी चाचणी करतात: हे फंक्शन वापरून प्रोग्रॅम लिंक होतो का? १०.११ वर बसून ही चाचणी केली की उत्तर यायचं 'होतो', कारण संचाच्या यादीत नाव होतं. प्रोग्रॅम बिनबोभाट बांधला जायचा आणि त्याच कॉम्प्युटरवर चालवताच 'सिम्बॉल नॉट फाउंड' म्हणून मरायचा. बांधणारा आणि चालवणारा कॉम्प्युटर एकच असूनही उत्तर चुकलं, कारण प्रश्न चुकीच्या वेळी विचारला होता.

मग चालवताना आवृत्ती विचारावी का? ऑपरेटिंग सिस्टिमला तिचा नंबर विचारायचा आणि त्यावरून ठरवायचं? ऐकायला सरळ वाटतं, पण यात इतकी माणसं फसली आहेत की मी हा मार्ग शक्यतो टाळायलाच सांगतो. एक्सपीचा अंतर्गत नंबर ५.१. अनेकांनी अट लिहिली: मोठा आकडा ५ किंवा जास्त, आणि लहान आकडा १ किंवा जास्त. पुढे व्हिस्टा आलं ६.० नंबर घेऊन. सहा पाचाहून मोठा, पण शून्य एकाहून लहान! नव्याकोऱ्या विंडोजवर प्रोग्रॅम सांगू लागले की तुमचं विंडोज फार जुनं आहे. विंडोज ७ चा अंतर्गत नंबर ७.० न ठेवता ६.१ ठेवला गेला, त्यामागे हे सुसंगतीचं कारण होतं. शेवटी विंडोज ८.१ पासून मायक्रोसॉफ्टने असं केलं, की प्रोग्रॅमने मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) 'मला ही नवी आवृत्ती ओळखीची आहे' असं लिहून दिलं नसेल, तर त्याला विंडोज ८ चाच, म्हणजे ६.२ हा नंबर सांगायचा. विंडोज ११ तर आजही स्वतःला आतून १०.० म्हणवतं.

शिवाय नंबर खरा कळला तरी त्यातून सगळं कळत नाही. 'सेट डिफॉल्ट डीएलएल डिरेक्टरीज' हे फंक्शन आलं विंडोज ८ मध्ये, पण केबी २५३३६२३ या अपडेटने ते व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्येही पोचवलं. आता समोर विंडोज ७ असेल तर फंक्शन आहे की नाही? नंबरावरून सांगता येणार नाही. अपडेट बसवलेल्यावर आहे, न बसवलेल्यावर नाही. नावाने शोधलं की मात्र क्षणात खरं उत्तर मिळतं. या अपडेटबरोबर लायब्ररी लोड करण्याच्या फंक्शनला काही नवे पर्यायही मिळाले होते, आणि ते उपलब्ध आहेत का हे ओळखायला मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातच सांगितलेला उपाय असा: हे नवं फंक्शन सापडतं का पाहा, सापडलं तर पर्यायही आहेत असं समजा. वाईन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा थर, सांगेल तो नंबर तर वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये निवडलेला असतो. जी गोष्ट हवी तिच्याबद्दलच थेट विचारावं, तिच्या वयावरून अंदाज बांधू नये.

आता खऱ्या कामाकडे वळू. शोधणं हा चार ओळींचा भाग आहे. अवघड असतो तो सापडलं नाही तर काय करायचं हा भाग, आणि त्यावर लोक सगळ्यात कमी वेळ देतात.

कधी पर्याय सोपा असतो. 'गेट सिस्टिम टाइम प्रिसाइज ॲज फाइल टाइम' हे लांबलचक नावाचं फंक्शन विंडोज ८ पासून आहे, ते घड्याळाची वेळ मायक्रोसेकंदाच्याही आत अचूक सांगतं. नावातला 'प्रिसाइज' शब्द वगळला की त्याचा जुना अवतार मिळतो. तोही तेच सांगतो, त्याच रूपात सांगतो, फक्त त्याचा काटा साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या उड्या मारत पुढे सरकतो. त्यामुळे इथे काही विचारच करावा लागत नाही: नवं सापडलं तर नवं, नाहीतर जुनं. हाक मारणाऱ्याला फरकही कळत नाही. रस्ट भाषेच्या प्रमाण लायब्ररीने जुन्या विंडोजसाठी नेमकी हीच जोडी ठेवली होती.

माझ्या वर्कशॉपचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. ६४ बिटांचं फंक्शन नाही म्हणून ३२ बिटांचं वापरलं तर ४९.७ दिवसांचा दोष परत आला, म्हणजे मी मूळ कामच सोडून दिलं. म्हणून पर्याय स्वतः बांधावा लागला. मागच्या वेळचा आकडा लक्षात ठेवायचा. नवा आकडा त्याहून लहान निघाला तर मध्ये एक फेरी पूर्ण झाली असं मानून मोजणीत एक फेरी वाढवायची. हे चालतं, पण दोन अटींवर. एक, दर ४९.७ दिवसांत निदान एकदा तरी कुणीतरी वेळ विचारलीच पाहिजे, नाहीतर एक फेरी नकळत निसटून जाते. दुसरी, दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकाच क्षणी आले तर तीच फेरी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून कुलूप लागतं. मी दर तासाला एकदा उगीचच वेळ विचारणारा टायमर बसवला. पर्यायी वाटेचा कोड मुख्य वाटेपेक्षा पाचपट मोठा झाला, आणि माझा अनुभव असा की हे बहुतेक वेळा असंच होतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे काहीच न करणं, आणि ती अनेकदा सगळ्यात शहाणपणाची असते. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीत 'सेट थ्रेड डिस्क्रिप्शन' आलं, थ्रेडला नाव द्यायचं फंक्शन. डीबगरमध्ये (चुका शोधायच्या साधनात) थ्रेड ओळखायला सोपं जातं, एवढाच त्याचा उपयोग. सापडलं नाही तर थ्रेड बिननावाचा राहील, बिघडलं काय? इथे त्रुटी परत देऊन प्रोग्रॅम थांबवणं म्हणजे पंगतीत लोणचं नाही म्हणून पानं उचलणं.

लिनक्सकडे हीच गोष्ट थोड्या वेगळ्या सुरात येते. तिथे 'गेट प्रॉक ॲड्रेस'च्या जागी 'डीएल-सिम' आहे. त्याची एक खोच लक्षात ठेवावी: त्याने शून्य परत दिलं म्हणजे नाव सापडलं नाही असं नेहमीच नसतं, कारण एखाद्या सिम्बॉलची (लायब्ररीतल्या नावाची) किंमत खरोखरच शून्य असू शकते. म्हणून आधी 'डीएल-एरर' हाकारून जुनी चूक पुसायची, मग शोधायचं, मग पुन्हा 'डीएल-एरर'ला विचारायचं. फंक्शनच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच येतो, पण दस्तऐवज ही रीत सांगतो ते उगीच नाही.

लिनक्स आणि मॅकवर एक आणखी सुबक वाट आहे, वीक सिम्बॉलची. यादीत नाव लिहायचं, पण शेजारी खूण करायची: आल्यास. लोडर शोधतो, सापडलं तर पत्ता भरतो, नाही सापडलं तर शून्य ठेवून पडदा वर जाऊ देतो. मग कोडमध्ये फंक्शनचा पत्ता शून्य आहे का एवढंच पाहायचं. मॅकवर ॲपलचा कंपायलर ही तपासणी भाषेतच देतो, आणि तपासणी न करता नवं फंक्शन हाकारलं तर इशाराही देतो. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण यात फंक्शनचं रूप कंपायलरला माहीत असतं. त्याचं महत्त्व पुढे येईलच.

पण लिनक्समध्ये लायब्ररी आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे 'आहे का' हा प्रश्न दोन मजल्यांवर विचारावा लागतो. खात्रीचे यादृच्छिक आकडे देणारी 'गेट रँडम' ही सिस्टिम कॉल, म्हणजे थेट कर्नलला मारायची हाक, लिनक्स ३.१७ मध्ये आली, २०१४ साली. तिला हाक मारणारं सोयीचं फंक्शन ग्लिबसीमध्ये (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) आलं २.२५ आवृत्तीत, २०१७ साली. मधल्या काळातल्या कॉम्प्युटरवर कर्नलला कॉल येत होती, पण लायब्ररीत नाव नव्हतं. उलटही होतं: कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेल्या डब्यात) नवी ग्लिबसी आणि खाली जुनं कर्नल. तिथे नाव सापडतं, हाक मारली की कर्नल 'ईनोसिस' म्हणतं, म्हणजे अशी कॉल मला ठाऊकच नाही. म्हणून जबाबदार कोड आधी लायब्ररीत शोधतो, नाही मिळालं तर नंबराने थेट कर्नलला विचारतो, 'ईनोसिस' आलं तर 'यूरँडम' ही डिव्हाइस फाइल उघडतो, आणि मिळालेलं उत्तर लक्षात ठेवतो.

या 'ईनोसिस'वर सगळ्यांचा किती भरवसा आहे, ते ग्लिबसी २.३४ च्या वेळी कळलं. तिने थ्रेड तयार करायला 'क्लोन ३' ही नवी कॉल वापरायला सुरुवात केली. जुन्या कर्नलवर 'ईनोसिस' येईल आणि मग जुनी 'क्लोन' वापरू, असं तिचं गणित. पण तेव्हाच्या डॉकरचा (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सुरक्षेचा चाळणीनियम अनोळखी कॉलला 'ईपर्म' म्हणायचा, म्हणजे परवानगी नाही. 'माहीत नाही' आणि 'परवानगी नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर. पहिल्या उत्तरावर दुसरी वाट धरायची असते, दुसऱ्यावर थांबायचं असतं. ग्लिबसी थांबली आणि कंटेनरमध्ये थ्रेड तयार होईनात. डॉकरने पुढे २०.१०.१० आवृत्तीत 'क्लोन ३'साठी 'ईनोसिस' द्यायला सुरुवात केली तेव्हा ते सुटलं. नाही म्हणण्याच्या तऱ्हासुद्धा करारात बसाव्या लागतात.

लिनक्सवर पडदा नेहमीच तिसऱ्या घंटेला अडत नाही, हेही सांगायला हवं. पुष्कळदा फंक्शनचा पत्ता पहिल्या हाकेच्या वेळी शोधला जातो, त्यामुळे प्रोग्रॅम दिवसभर चालून एखाद्या कोपऱ्यातल्या बटणावर मरू शकतो. ग्लिबसीची आवृत्तीची खूण मात्र सुरुवातीलाच तपासली जाते. 'ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड' हा संदेश ज्यांनी नव्या कॉम्प्युटरवर बांधून जुन्या सर्व्हरवर नेलंय, त्यांच्या ओळखीचा असेल.

आता धोके. सगळ्यात मोठा मघाशी नुसता उल्लेखून पुढे आलो तो: नावाने शोधलेल्या पत्त्याला रूप नसतं. 'गेट प्रॉक ॲड्रेस' फक्त एक पत्ता देतं. ते फंक्शन किती गोष्टी घेतं, काय परत देतं, हे आपण शपथेवर सांगतो आणि कंपायलर मुकाट्याने मान्य करतो. ३२ बिटी विंडोजवर एक शब्द विसरला तरी घात होतो. तिथली सिस्टिम फंक्शन्स 'एसटीडी-कॉल' पद्धतीने चालतात, म्हणजे स्टॅकवर (हाकेसोबतची माहिती ठेवायच्या मेमरीच्या थप्पीवर) ठेवलेलं सामान फंक्शनच आवरतं. आपण पॉइंटरचा प्रकार लिहिताना ते नमूद केलं नाही, तर आवरायचं काम आपलं असं कंपायलर धरतो, दोघंही आवरतात आणि स्टॅक सरकतो. प्रोग्रॅम तिथे मरत नाही, दहा पावलं पुढे कुठेतरी मरतो, आणि कारण शोधता शोधता रात्र जाते. म्हणून हेडर फाइलमधलं (फंक्शन्सची रूपं लिहिलेल्या फाइलमधलं) वर्णन समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावं. नावाचंही तसंच: लहान-मोठी अक्षरं तंतोतंत हवीत, आणि मजकूर घेणाऱ्या फंक्शनच्या शेवटी 'ए' (जुनी अक्षरपद्धत) की 'डब्ल्यू' (युनिकोड) हेही आपणच लिहायचं, कारण नेहमी ते गुपचूप जोडणारी हेडर फाइल या वाटेवर नसते.

दुसरा धोका, नाव सापडलं म्हणजे काम होईलच असं नाही. विंडोज ९५ मध्ये युनिकोडची बहुतेक 'डब्ल्यू' फंक्शन्स नावाला हजर होती. हाक मारली की १२० नंबरची चूक परत: हे इथे राबवलेलं नाही. विंगेत नट उभा आहे, पण त्याला संवाद पाठ नाहीत. त्यामुळे पहिल्या हाकेचं उत्तर तपासून मगच वाट पक्की करावी.

तिसरा, सुरक्षेचा. 'कर्नल ३२' आधीच हजर असतं, पण काही ऐच्छिक फंक्शन्स अशा लायब्ररीत असतात जी आपणच लोड करायची. नुसतं नाव देऊन लोड केली तर विंडोज ती अनेक फोल्डरांत शोधतं, त्यांत प्रोग्रॅमचा स्वतःचा फोल्डर आणि चालू फोल्डरही आला. कुणी तिथे त्याच नावाची विषारी डीएलएल ठेवली, की आपला प्रोग्रॅम ती आनंदाने उचलतो. ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला यावर जाहीर सुरक्षा सूचना काढावी लागली. नवी सुरक्षित वाट म्हणजे 'फक्त सिस्टिम फोल्डरमध्येच शोध' असं सांगणारा पर्याय देणं. इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांनी तर हे विसरूच नये, कारण इन्स्टॉलर चालतो तो डाउनलोडच्या फोल्डरमधून, जिथे काहीही येऊन पडलेलं असतं.

शोध दर वेळी करायची गरज नाही. नावाची तुलना करत यादी चाळणं महाग नसलं, तरी वेळ विचारण्यासारख्या हजारदा होणाऱ्या कामात ते बोचतं. एकदा शोधून पत्ता ग्लोबल पॉइंटरमध्ये ठेवावा, आणि तो पॉइंटर अटॉमिक असावा, म्हणजे त्याचं वाचणं-लिहिणं अर्ध्यावर तुटत नाही. दोन थ्रेडनी एकाच वेळी शोधलं तरी दोघांना तोच पत्ता मिळणार, म्हणून इथे कुलूप लागत नाही. एक बारीक युक्ती मला फार आवडते: पॉइंटरमध्ये सुरुवातीलाच 'शोध घेणाऱ्या' स्वतःच्या फंक्शनचा पत्ता ठेवायचा. पहिली हाक त्याला जाते, तो शोध घेतो, खऱ्या किंवा पर्यायी फंक्शनचा पत्ता स्वतःच्या जागी बसवतो आणि काम त्याच्याकडे सोपवतो. दुसऱ्या हाकेपासून मध्ये कुणीच नाही, कुठलीही तपासणी नाही.

पर्यायी वाटेची चाचणी कशी करायची? तुमच्या कॉम्प्युटरवर ती कधीच चालत नाही, कारण तिथे सगळं सापडतं. मी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून द्यायची सेटिंग) ठेवतो: ते लावलं की शोधणारं फंक्शन सगळ्या ऐच्छिक नावांना 'नाही' म्हणतं. पूर्ण चाचणीसंच दोनदा चालवायचा, एकदा लावून, एकदा काढून. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या फेऱ्या मोजणाऱ्या कोडात एक जागा अशी सापडली, जिथे कुलूप सोडायच्या आधीच फंक्शन परतत होतं. वर्कशॉपमध्ये ते सापडलं असतं तर जॉबच्या नोंदी गोठल्या असत्या आणि मला कळायला महिना गेला असता.

हे सगळं कायम ठेवायचं का? नाही. ज्या दिवशी आपण जुन्या सिस्टिमचा आधार काढतो, त्या दिवशी ऐच्छिक नट सक्तीच्या यादीत जातो आणि पर्यायी कोड पुसला जातो. गो भाषेने १.२१ आवृत्तीपासून, ऑगस्ट २०२३ मध्ये, विंडोज १० ही किमान अट केली. रस्टने १.७८ पासून, मे २०२४ मध्ये, मुख्य विंडोज लक्ष्यांसाठी तेच केलं. सांभाळणाऱ्यांच्या बाजूने हे रास्त आहे. न चालणाऱ्या वाटांची चाचणी होत नाही आणि चाचणी नसलेला कोड सडतो. पण तो निर्णय उघडपणे, तारीख सांगून घेतलेला असावा. चुकून यादीत पडलेल्या एका नावामुळे कुणाचा तरी कॉम्प्युटर बाद होणं हा निर्णय नव्हे, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुरुस्त केलेली आवृत्ती घेऊन मी पुढच्याच आठवड्यात भोसरीला गेलो. तेव्हापासून माझा प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना लॉग फाइलच्या डोक्यावर ऐच्छिक फंक्शन्सची हजेरी लिहितो, म्हणजे दूरवरच्या कॉम्प्युटरवर कोणती वाट धरली गेली ते फोनवरसुद्धा कळतं. सुपरवायझरनी त्या दिवशी चष्मा सावरत पहिली ओळ मोठ्याने वाचली: "गेट टिक काउंट ६४: नाही. पर्याय चालू." मग मशीन सुरू केलं आणि दुसऱ्या जॉबचा मटेरियल शोधायला निघून गेले.